एक चित्र, चार भाषा: बहुभाषक वाहिन्यांवर नियमपालनाची देखरेख कशी उभारायची

६ मार्च २०२० रोजी संध्याकाळी साडेसात वाजता 'एशियानेट न्यूज' आणि 'मीडिया वन' या दोन मल्याळम वृत्तवाहिन्या पडद्यावरून गेल्या. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा आदेश ४८ तासांच्या बंदीचा होता. विषय दिल्लीतल्या दंगलीच्या वार्तांकनाचा, आणि बोट ठेवलं होतं केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतल्या ६(१)(सी) आणि ६(१)(ई) या कलमांवर. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोन्ही वाहिन्या परत सुरू झाल्या. आदेश योग्य होता का, यावर तेव्हा टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण देखरेखीच्या खुर्चीत बसणाऱ्याने त्यातून एक वेगळी गोष्ट टिपावी: मल्याळम बातमीपत्रातली वाक्यं दिल्लीत ऐकली गेली होती, टिपली गेली होती आणि नोटिशीत उतरली होती.

प्रादेशिक भाषेत बोललेलं वरपर्यंत पोचत नाही, हा समज अनेक न्यूजरूममध्ये अजून टिकून आहे. वास्तविक मंत्रालयाचं इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर २००८ पासून उपग्रह वाहिन्या नोंदवून ठेवतं, आणि तिथे वेगवेगळ्या भाषा जाणणारी माणसं ते पाहत असतात. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या मराठी किंवा तेलुगू ट्रॅकवर काय गेलं, हे तुम्हाला आधी कळतं की नोटीस आल्यावर.

हा लेख लहान-मध्यम नेटवर्कसाठी आहे: ज्यांच्याकडे तीन-चार भाषांतल्या वाहिन्या आहेत, किंवा एकच वाहिनी चार ऑडिओ ट्रॅकवर जाते, आणि 'एस अँड पी' म्हणजे स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस हा विभाग दोन-तीन माणसांचा आहे. माझं म्हणणं साधं आहे. देखरेखीचं एकक चित्र नव्हे, ऑडिओ ट्रॅक धरा. एकच चित्र चार भाषांत जात असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती चार प्रसारणं समजा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका हिशेबावर उभ्या आहेत.

पायरी १: नियमांचे प्रश्न करा

बहुतेक ठिकाणी नियमांची एक जाडजूड फाइल असते आणि ती कोणी उघडत नाही. तिच्याऐवजी दोन पानांची प्रश्नावली करा आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कुठल्या नियमातून आला ते लिहा.

मूळ चौकट अशी आहे. १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा आणि १९९४ चे नियम. त्यातला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता, नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. २०२१ मध्ये याच नियमांत तक्रार निवारणाची त्रिस्तरीय रचना आली. २०२२ ची अपलिंकिंग-डाउनलिंकिंग (उपग्रहावर सिग्नल चढवणं-उतरवणं) मार्गदर्शक तत्त्वं परवानगी, भाषा, लोकहिताचा वेळ, रेकॉर्डिंग यांबद्दल बोलतात. त्याखाली स्वनियमन: मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल), वृत्तवाहिन्यांसाठी तुम्ही ज्या संघटनेचे सदस्य असाल तिचं प्राधिकरण, उदाहरणार्थ एनबीडीएसए (न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी). जाहिरातींसाठी आस्की ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था; तिच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात दाखवू नये असं नियम ७ मध्येच असल्यामुळे 'आस्की काय, खासगी संस्था' म्हणून हात झटकता येत नाहीत.

नियम ६(१) मधली कलमं प्रश्नात बदलली की कामाला येतात. 'यात एखाद्या धर्मावर किंवा समुदायावर हल्ला आहे का?' 'अंधश्रद्धेला खतपाणी आहे का?' 'अर्धसत्य किंवा सूचक टोमणा आहे का?' बहुभाषक नेटवर्कने मात्र एका कलमाखाली लाल रेघ मारून ठेवावी, ते म्हणजे ६(१)(एम). वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचं हिणवणारं, तुच्छतेचं चित्रण करू नये, असं ते कलम सांगतं. एकभाषक वाहिनीला ते क्वचित आठवतं. तुम्हाला ते दर आठवड्याला लागेल. बेळगावात काही घडलं की एकाच मालकाच्या मराठी आणि कन्नड वाहिन्या तेच फुटेज उलट-सुलट मथळ्यांनी चालवतात. वाहिनीने भूमिका घ्यावी की नाही हे देखरेखीने ठरवायचं नसतं. पण 'ते लोक असेच' या छापाचं वाक्य कुठल्याही बाजूला आलं की थांबवणं हे तुमचंच काम. विनोदी कार्यक्रमांत तर मद्रासी लुंगी, बिहारी रखवालदार, घाटी मोलकरीण ही पात्रं इतकी अंगवळणी पडली आहेत की प्रिव्ह्यू करणाऱ्यालाही ती खटकत नाहीत. म्हणून ज्या गटाची थट्टा आहे त्या गटातल्या माणसाला तो भाग एकदा दाखवा. तुमच्या इमारतीतच तो कुठल्या तरी मजल्यावर बसलेला असतो.

पायरी २: फीडची यादी

'आमच्या सहा वाहिन्या आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. तक्ता करा आणि प्रत्येक ऑडिओ ट्रॅकला स्वतंत्र ओळ द्या. रकाने असे: वाहिनीचं नाव, परवानगीत नोंदवलेली भाषा, एसडी की एचडी, ट्रान्सपोर्ट स्ट्रीममधला (एकत्र पाठवल्या जाणाऱ्या सिग्नलमधला) ऑडिओ पीआयडी म्हणजे त्या ट्रॅकचा ओळखक्रमांक, त्याला लावलेलं भाषेचं चिन्ह, सबटायटल आहेत का, जाहिराती सामाईक आहेत की त्या फीडवर वेगळ्या घातल्या जातात.

हा तक्ता भरताना निम्म्या गडबडी आपोआप सापडतात. कुठे पीआयडीवर चिन्ह हिंदीचं असतं आणि आवाज मराठी. कुठे एखादी भाषा परवानगीच्या कागदावर नसतेच. २०२२ च्या तत्त्वांनुसार भाषा बदलायला किंवा एसडीचं एचडी करायला आता पूर्वपरवानगी लागत नाही, पण आधी कळवावं लागतं. 'परवानगी लागत नाही' एवढंच ऐकून पुढचं वाक्य विसरणारे पुष्कळ. ज्या दिवशी नवा ट्रॅक सुरू होईल त्याआधी कळवल्याची पोच या तक्त्याला जोडलेली असली पाहिजे.

पायरी ३: रेकॉर्डिंग

प्रसारित झालेला मजकूर किमान ९० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते पुढे.

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंग कुठून घ्यायचं. पीसीआरच्या (कार्यक्रम नियंत्रण कक्षाच्या) आउटपुटवरून घेतलेलं रेकॉर्डिंग म्हणजे तुम्ही काय बनवलंत याचा पुरावा. प्रेक्षकाला काय दिसलं याचा नव्हे. टिकर, ॲस्टन (नाव-हुद्द्याची पट्टी), लोगो, 'ब्रेकिंग'ची पट्टी यातलं बरंच काही नंतर चढतं. म्हणून लॉगरला (रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला) उपग्रहावरून परत आलेला सिग्नल द्या, म्हणजे आयआरडीचा (उपग्रह रिसीव्हरचा) आउटपुट. परवडत असेल तर प्लेआउटचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा, दुसरा लॉगर ठेवा. दोन्ही असले की चूक आपल्याकडची की वाटेतली, हे पाच मिनिटांत कळतं.

दुसरी गोष्ट, सगळे ट्रॅक. जुने लॉगर फक्त पहिला ऑडिओ ट्रॅक टिपतात. नोटीस तमिळ ट्रॅकबद्दल येते आणि तुमच्याकडे ९० दिवसांचं सुरेख हिंदी रेकॉर्डिंग असतं. जागेचं कारण पुढे करू नका. हिशेब करून पाहा: २ एमबीपीएसचं पाहण्यापुरतं चित्र दिवसाला सुमारे २१.६ जीबी, म्हणजे ९० दिवसांना दोन टीबीच्या आत. त्यात १२८ केबीपीएसचा एक जादा ऑडिओ ट्रॅक दिवसाला १.४ जीबीदेखील घेत नाही. ९० दिवसांना साधारण १२५ जीबी. एवढ्याशा जागेसाठी पुरावा गमावणं परवडत नाही. मात्र फक्त हलक्या प्रतीवर अवलंबून राहू नका. पट्टीवरची बारीक अक्षरं २ एमबीपीएसला कधीकधी वाचताच येत नाहीत. निदान पहिले काही दिवस तरी चांगल्या दर्जाची प्रत ठेवा.

तिसरी गोष्ट, घड्याळ. प्रत्येक चौकटीवर भारतीय प्रमाणवेळ छापलेली हवी, आणि सगळे लॉगर एकाच वेळस्रोताशी जुळलेले हवेत. दोन लॉगरमध्ये चाळीस सेकंदांचा फरक असेल तर जाहिरातींची मोजणी आणि 'बीप बसला होता की नाही' हे दोन्ही वाद हरलात म्हणून समजा.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. ९० दिवस ही किमान मर्यादा आहे, आणि तक्रारीचा प्रवास तिच्यापेक्षा लांब असू शकतो. २०२१ च्या नियमांनुसार प्रसारकाला निर्णयासाठी १५ दिवस. तक्रारदाराचं समाधान झालं नाही तर स्वनियमन संस्थेकडे जायला १५ दिवस. त्या संस्थेला निकालासाठी ६० दिवस. मग केंद्र सरकारकडे जायला आणखी १५. बेरीज १०५, आणि यात तक्रारदाराने मुळात तक्रार करायला लावलेले दिवस धरलेलेच नाहीत. म्हणजे लॉगर आपोआप जुनं पुसत असेल तर तक्रारीच्या तिसऱ्या स्तरावर तुमच्याकडे दाखवायला काही उरणार नाही. तक्रार आली त्याच मिनिटाला तो तास, आधीचा एक आणि नंतरचा एक, सर्व ट्रॅकसह वेगळ्या जागी हलवा आणि त्यावर 'पुसू नये' असा शिक्का मारा. ही कृती एमसीआरवाल्याच्या (मुख्य नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या) हातात द्या. विधी विभागाच्या ईमेलची वाट पाहायला लावू नका.

पायरी ४: प्रसारणाआधी

मूळ मालिका हिंदीत पास झाली, आता डबिंगला परत कशाला बघायचं? हा प्रश्न निर्मिती विभागाकडून दर महिन्याला येतो. उत्तर असं की डबिंगमध्ये नवा लेखक येतो, नवा दिग्दर्शक येतो, ओठांच्या हालचालीत बसवायला नवे शब्द येतात. मूळ संवादात नसलेली शिवी, जातिवाचक म्हण, मापात बसते म्हणून घातलेली एखाद्या देवतेची शपथ हे सगळं इथेच आत शिरतं. डबिंगची संहिता आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण यांतही फरक पडतो, कारण स्टुडिओत कलाकार स्वतःचं काहीतरी घालतो. म्हणून कागद वाचून भागत नाही, ऐकावं लागतं.

शब्दांची यादी ठेवत असाल तर ती प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेच्या माणसाकडून बनवून घ्या. हिंदी यादीचं भाषांतर करून बनवलेली मराठी यादी कुचकामी असते. ग्रामीण मराठीत सहज येणारे शब्द तीत उगाच अडकतात आणि खरं झोंबणारं त्यातून निसटतं. यादीत प्रत्येक शब्दापुढे कुठल्या वेळी, कुणाच्या तोंडी आणि कुठल्या संदर्भात चालेल याचा रकाना हवाच. सरकारी सल्ल्यांमुळे येणारे शब्दही तिथेच नोंदवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' वापरण्याचा सल्ला दिला होता. त्यावर मतभेद झाले आणि ते अजूनही आहेत. तरी तुमच्या चार डेस्कांनी चार धोरणं राबवण्यापेक्षा संपादकांनी एक भूमिका ठरवावी आणि ती लेखी असावी.

बीपबद्दल एक सूचना. शिवी झाकायची तर तीन ठिकाणी झाकावी लागते: प्रत्येक भाषेच्या मिक्समध्ये, सबटायटलमध्ये आणि गरज असेल तर ओठांवर. हिंदी मिक्समध्ये बीप बसवला आणि मराठी सबटायटलमध्ये शब्द तसाच राहिला, हे फार वेळा दिसतं. उलट बाजूने, चित्र सामाईक असल्यामुळे एका भाषेसाठी केलेली काटछाट सगळ्या भाषांना भोगावी लागते. ती करण्याआधी बाकीच्या ट्रॅकचा मिक्स परत करावा लागेल हे लक्षात ठेवूनच वेळापत्रक आखा.

चित्रपटांचं प्रमाणपत्र पाहताना डब केलेल्या आवृत्तीचंच प्रमाणपत्र मागा. सेन्सॉर बोर्ड डब आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र देतं; तेलुगू मूळ चित्रपटाचं प्रमाणपत्र मराठी डबला चालत नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केबलवरच्या प्रौढ चित्रपटांना चाप लावल्यापासून टीव्हीवर काय चालतं याबद्दल संदिग्धता फारशी उरलेली नाही. २०२३ च्या सुधारणेने 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला टीव्हीसाठी बोर्डाकडून वेगळं प्रमाणपत्र मिळवण्याची वाट दिली, तर नव्या यूए श्रेणी ७+, १३+ आणि १६+ अशा झाल्या. १६+ चा चित्रपट रविवारी दुपारी लावायचा का, हा निर्णय वेळापत्रक विभागावर सोडू नका. मुलं मोठ्या संख्येने पाहत असतात त्या वेळी त्यांना न शोभणारं दाखवू नये, हे नियम ६ मध्येच आहे. बीसीसीसीच्या चौकटीत तर 'आर' म्हणजे मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) वर्गातला मजकूर रात्री ११ ते पहाटे ५ याच वेळेत जातो.

आणि तंबाखू. धूम्रपानाच्या दृश्याखालची इशाऱ्याची पट्टी कार्यक्रमाच्या भाषेत असावी लागते, आणि कार्यक्रम डब केलेला किंवा सबटायटल दिलेला असेल तर त्या भाषेत. चार ट्रॅक आणि एकच चित्र असलेल्या वाहिनीला इथे खरोखर अडचण येते, कारण पट्टी चित्रावर कोरलेली असते. ज्या फीडचं ग्राफिक वेगळं घालता येतं तिथे घाला. जिथे येत नाही तिथे दृश्यच काढता येईल का ते आधी पाहा; आणि काढता येत नसेल तर तो निर्णय, कारणांसह, विधी विभागाकडून लेखी घ्या.

पायरी ५: थेट बातम्या

इथे प्रिव्ह्यू नसतो, म्हणून हा भाग सर्वांत धोक्याचा. लष्करी किंवा दहशतवादविरोधी कारवाईचं थेट चित्रण चालत नाही. नियम ६(१)(पी) नुसार कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतंच राहायचं. २६ एप्रिल २०२५ च्या सल्ल्यात मंत्रालयाने याची पुन्हा आठवण करून दिली. त्यानंतर मे २०२५ मध्ये नागरी संरक्षण महासंचालनालयाने सांगितलं की हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका. म्हणजे देखरेख करणाऱ्याला आता पार्श्वसंगीतही ऐकावं लागतं. जनजागृतीपुरती सूट होती. 'ब्रेकिंग'च्या आधी वाजवायला नव्हती.

असे सल्ले इंग्रजीत, रात्री-बेरात्री, ईमेलने येतात. ते जसेच्या तसे चार डेस्कांना फॉरवर्ड केले की आपलं काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. एक नोंदवही ठेवा: सल्ला कधी आला, त्यातली करायची-टाळायची दोन वाक्यं प्रत्येक भाषेत कोणी लिहिली, कुठल्या शिफ्टच्या कोणी वाचल्याची सही केली. दोन वाक्यंच. पीसीआरमध्ये उभ्याने वाचता आली पाहिजेत.

पण बहुभाषक न्यूजरूमचा खरा सापळा ओळख उघड होण्यात आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने झाकली आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील त्यात आला. आता पाहा काय होतं. हिंदी वाहिनी फक्त जिल्हा सांगते. मराठी वाहिनी स्थानिक म्हणून गावाचं नाव घेते. कन्नड वाहिनी घराचा दरवाजा दाखवते, चेहरा अर्थातच धूसर करून. गुजराती टिकरवर वडिलांचा व्यवसाय येतो. एकेका डेस्कला वाटतं आपण नियम पाळला. चारही लोगो एकाच नेटवर्कचे, आणि चारही तुकडे जोडले की त्या मुलीची ओळख पूर्ण होते.

यावर उपाय एकच मला पटलेला आहे. अशा बातमीसाठी नेटवर्कभर एक 'प्रसारित करता येणारे तपशील' असा कागद निघतो. त्यावर जे नाही ते कुठल्याही भाषेत जात नाही. कागद पहिल्या डेस्कने बातमी घेतली की निघतो, संध्याकाळच्या बैठकीची वाट बघत नाही. स्थानिक बातमीदार कुरकुर करतात, 'गावात सगळ्यांना माहीत आहे' म्हणतात. गावाला माहीत असणं आणि तुम्ही प्रसारित करणं, कायद्याला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मृतदेह, रक्त, मारहाण यांच्या दृश्यांबद्दल ९ जानेवारी २०२३ चा सल्ला आहे. समाजमाध्यमांवरून उचललेलं फुटेज धूसर न करता चालवणं हा त्याचा मुख्य रोख. धूसर करण्याचं काम सामाईक फुटेज आत येतानाच, एकदाच, मूळ प्रतीवर करा. नाहीतर तीन डेस्क करतात आणि चौथा विसरतो.

पायरी ६: जाहिराती

तासाला १२ मिनिटं: १० व्यावसायिक आणि २ स्वतःच्या प्रोमोची. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या नियमावलीला वृत्तवाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, पण ही मर्यादा मुळात नियम ७ मध्ये आहे, त्यामुळे मोजणी थांबवण्याचं कारण नाही. मोजा घड्याळाच्या तासाने आणि प्रत्येक फीडची वेगळी. ज्या फीडवर प्रादेशिक जाहिराती घातल्या जातात तिथे हिंदी फीडचा आकडा निरुपयोगी. ॲज-रन लॉग (काय कधी चाललं याची आपोआप होणारी नोंद) हा प्लेआउटचा दावा असतो; महिन्यातून काही तास उपग्रहावरून आलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा.

जाहिरातीचं डिस्क्लेमर ती ज्या भाषेत दावा करते त्याच भाषेत असावं, असं आस्कीचं म्हणणं. मराठी आवाज आणि खाली इंग्रजी मुंगीएवढी अक्षरं, हा प्रकार परत पाठवा. एजन्सी म्हणेल राष्ट्रीय जाहिरात आहे, म्हणू दे.

रात्री उशिराचे टेलिशॉपिंगचे पट्टे वेगळ्या डोळ्यांनी बघा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने यंत्रं-ताईत यांना चमत्कारिक शक्ती असल्याचं सांगून विकणाऱ्या टीव्ही जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवल्या. हे पट्टे बहुधा हिंदीतून डब होऊन येतात आणि डबमध्ये दावे आणखी फुगतात. औषधी दाव्यांना १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती २०२५ च्या कायद्याने बंद झाल्या. तरी त्याच नावाची 'बातम्यांची वेबसाइट' म्हणून जाहिरात आली तर विक्री विभागाच्या उत्साहाला बळी पडू नका.

निवडणुकीत काम दुप्पट होतं. राजकीय जाहिरातीला एमसीएमसीचं (निवडणूक यंत्रणेच्या माध्यम प्रमाणन समितीचं) प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक भाषेच्या आवृत्तीसाठी त्याच आवृत्तीची संहिता आणि प्रमाणपत्राचा क्रमांक मागा, आणि टेप ऐकून संहितेशी जुळवा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांची शांतता मतदारसंघागणिक असते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशा पाच टप्प्यांत मतदान झालं. मराठी वाहिनी मात्र पाचही टप्प्यांच्या मतदारांना एकदम दिसते. तेव्हा कुठल्या मतदारसंघाबद्दलचा मजकूर कुठल्या दिवशी थांबवायचा याचा टप्पानिहाय तक्ता भिंतीवर लावा. शेजारच्या राज्यांच्या भाषेतल्या वाहिन्यांचा तक्ता वेगळा.

पायरी ७: लोकहिताची ३० मिनिटं

फार डोकं खाण्यासारखं यात काही नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या आठ विषयांवर (शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान वगैरे) दिवसाला ३० मिनिटं. सलग नको, तुकड्यांत चालतात. मध्यरात्र ते सकाळी ६ या वेळेतली धरली जात नाहीत. मासिक अहवाल ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. तुकड्यांवर प्लेआउटमध्येच खूण करा म्हणजे महिनाअखेरीस शोधाशोध नको. सांकेतिक भाषेतलं बातमीपत्र आणि सबटायटलचा आठवड्याचा कार्यक्रम, म्हणजे २०१९ च्या सुगम्यता मानकांची नोंदही याच अहवालात ठेवली की सोयीचं पडतं.

पायरी ८: यंत्र कुठे वापरायचं

बोललेल्याचं लेखी रूप करणारी साधनं आता मराठी, तमिळ, बांगला सगळ्यांत मिळतात. चर्चेच्या कार्यक्रमात चार जण एकदम ओरडत असताना, किंवा वऱ्हाडी-अहिराणी वळणाच्या बोलण्यात, किंवा निम्मं वाक्य हिंदीत गेलं की ती गोंधळतात. कोकणीच्या बाबतीत अजून फार अपेक्षा ठेवू नये. यंत्राला चाळणी समजा: जे अडकलं ते माणसाने ऐकायचं, आणि जे निसटलं त्यातलंही थोडं, कुठलेही तास निवडून, माणसाने ऐकायचं.

यंत्र खरं उपयोगी पडतं ते कंटाळवाण्या कामांत. ट्रॅकवर आवाज आहे का. लोगो आहे का. जाहिरातींची सेकंदं. आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं: ट्रॅकवर अपेक्षित भाषाच चालू आहे का. ब्रेक संपल्यावर तमिळ ट्रॅकवर हिंदी आवाज राहून जातो आणि एमसीआरमध्ये हिंदीच ऐकत बसलेल्या माणसाला ते कळत नाही. भाषा ओळखणारं साधं साधन हे काही सेकंदांत सांगतं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचं वॉटरमार्क (कानाला न कळणारी खूण) ऑडिओतच असतं, त्यामुळे ट्रॅकची अदलाबदल प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनाही भोवते. व्यवस्थापनाकडून पैसे मंजूर करून घ्यायला हा मुद्दा कायद्यापेक्षा लवकर चालतो.

पायरी ९: माणसं आणि अधिकार

आठवड्याचे १६८ तास. माणूस ४८ तास काम करतो म्हटलं तरी एका खुर्चीला साडेतीन माणसं, रजा धरून किमान चार. चार भाषांना सोळा. एवढी माणसं कोणी देत नाही. म्हणून सगळं थेट ऐकण्याचा आव आणू नका. थेट बातम्या आणि चर्चा नेहमी. नवा कार्यक्रम पहिले काही भाग. डब मजकूर प्रसारणाआधी. पुनःप्रसारण फक्त यंत्रावर. हे वाटप लेखी करा, कारण एखादं काही निसटलं तर 'आम्ही कशाच्या आधारे ठरवलं होतं' हे सांगता आलं पाहिजे.

रात्री दोन वाजता मजकूर उतरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे प्रत्येक भाषेसाठी नावानिशी ठरलेलं असू द्या. त्या माणसाला भाषा कळत नसेल तर त्याने फोन कोणाला करायचा तेही. उतरवल्यावर काय लावायचं, ते फिलर तयार आहे का? बहुतेक ठिकाणी ते हिंदीतच असतं.

पायरी १०: तक्रार आल्यावर

पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत, महिन्याचा तपशील जाहीर. तक्रार ज्या भाषेत आली त्याच भाषेत उत्तर द्या. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर दिसेल असा हवा, आणि तिथे आलेला मराठी ईमेल वाचता येणारं कोणीतरी त्या पत्त्यामागे हवं.

फाइलमध्ये क्लिपबरोबर तीन रकान्यांची संहिता लावा: टाइमकोड, मूळ भाषेतले शब्द जसेच्या तसे, आणि त्यांचं इंग्रजी किंवा हिंदी. भाषांतर बातमी बनवणाऱ्या डेस्ककडून करून घेऊ नका. ते नकळत वाक्य मऊ करतात. दुसऱ्या डेस्कच्या, तीच भाषा जाणणाऱ्या माणसाकडून करवून त्याची सही घ्या. म्हण, टोमणा, स्थानिक संदर्भ असेल तर शब्दशः अर्थ आधी आणि स्पष्टीकरण वेगळ्या ओळीत. समितीतल्या माणसाला कदाचित ती भाषा येतही असेल, आणि गोंजारलेलं भाषांतर त्याच्या लगेच लक्षात येतं. मग उरलेल्या फाइलवरचा विश्वासही जातो.

सगळं उभं राहिल्यावर तिमाहीतून एकदा एमसीआरला न सांगता चाचणी घ्या. कागदावर लिहून द्या: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक वाहिनी, तेलुगू ट्रॅक, सात मिनिटं, पट्टी वाचता येईल अशा दर्जाची क्लिप आणि संहिता हवी. तारीख ऐंशी दिवस मागची घ्या. वेळ टिपा. क्लिप आली की सगळ्यात आधी हेडफोन लावून भाषा तपासा.